लेस्ली पेल्टियर : हौशी खगोलनिरीक्षक आणि लेखक (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

लेस्ली पेल्टियर कोण होते?

लेस्ली पेल्टियर हे अमेरिकेतील ओहायो राज्याच्या वायव्य भागातील डेल्फोस या लहान गावाचे रहिवासी होते. २ जानेवारी १९०० रोजी एका शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला आणि १० मे १९८० रोजी त्यांचे निधन झाले. खगोलशास्त्राचे कोणतेही औपचारिक शिक्षण त्यांना मिळाले नव्हते, तरीही हार्वर्ड वेधशाळेचे संचालक राहिलेले हार्लो शॅप्ली त्यांना जगातील सर्वांत थोर अव्यावसायिक खगोलशास्त्रज्ञ म्हणत असत. मराठी वाचकांपैकी ज्यांनी हे नाव ऐकले आहे, त्यांना ते बहुधा धूमकेतूंमुळे माहीत असते. आमच्या मते त्यांचे खरे काम, म्हणजे तेज बदलत राहणाऱ्या ताऱ्यांच्या आयुष्यभर केलेल्या नोंदी, त्याहून कमी चमकदार आणि कितीतरी अधिक कष्टाचे होते. म्हणून पुढील उत्तरांत धूमकेतूंपेक्षा त्या कामाला अधिक जागा दिली आहे.

त्यांना ताऱ्यांचा नाद कसा लागला?

पाच वर्षांचे असताना आईने स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांना कृत्तिकांचा पुंजका दाखवला, ही त्यांची आकाशाची पहिली आठवण. त्यानंतर दहा वर्षे विशेष काही घडले नाही. १९१५ सालच्या मे महिन्यात एका रात्री घरी परतताना त्यांनी सहज वर पाहिले आणि इतकी वर्षे डोक्यावर असलेल्या या ताऱ्यांपैकी एकाचेही नाव आपल्याला ठाऊक नाही, याचे त्यांना आश्चर्य वाटले. गावच्या वाचनालयातून त्यांनी ताऱ्यांची ओळख करून देणारे एक पुस्तक आणले आणि त्याच्या आधाराने पहिला तारा ओळखला, तो अभिजित. त्याच्यापासून मोजत मोजत ते शेजारच्या ताऱ्यांकडे आणि हळूहळू सगळ्या आकाशाकडे गेले.

स्ट्रॉबेरी विकून दुर्बीण घेतल्याची गोष्ट खरी आहे का?

खरी आहे, फक्त त्यांनी स्ट्रॉबेरी विकल्या नाहीत, तोडल्या. तोडणीची मजुरी एका क्वार्टला, म्हणजे साधारण एक लिटर मापाला, २ सेंट होती. दुर्बिणीची किंमत होती १८ डॉलर. म्हणजे ९०० मापे भरावी लागणार होती, आणि ती त्यांनी भरली. १९१६ साली घरी आलेल्या त्या दुर्बिणीचे भिंग अवघे २ इंचांचे होते. तिला बसवायला स्टँड नव्हता, म्हणून धार लावण्याच्या जुन्या दगडाचे आणि कुंपणाच्या खांबांचे भाग जुळवून त्यांनी तो स्वतः केला. पुढे मोठमोठ्या दुर्बिणी हाताशी आल्यावरही या पहिल्या दुर्बिणीचा उल्लेख ते स्ट्रॉबेरीच्याच नावाने करीत.

रूपविकारी तारे म्हणजे काय, आणि डोळ्याने केलेल्या अंदाजाला शास्त्रात काय किंमत?

ज्या ताऱ्यांची तेजस्विता कमी-जास्त होत राहते, त्यांना रूपविकारी तारे म्हणतात. काहींचे तेज महिनोन्महिने संथपणे चढते आणि उतरते, तर काही एरवी मंद असतात आणि अचानक उजळतात. सिंह राशीत मघा नक्षत्राजवळ असलेला 'आर लिओनिस' हा तारा पहिल्या प्रकारचा आहे. तो सुमारे ३१० दिवसांच्या चक्रात नुसत्या डोळ्यांना दिसण्याइतका तेजस्वी होतो आणि नंतर साध्या द्विनेत्रीलाही दाद देईनासा होतो. हंस तारकासमूहातील 'एसएस सिग्नी' दुसऱ्या प्रकारचा. त्याचा उद्रेक साधारण दीड-दोन महिन्यांनी होतो, पण नेमका कोणत्या रात्री होईल हे आधी सांगता येत नाही.

या नोंदी करण्याची पद्धत ऐकायला अगदी साधी वाटते. ताऱ्याच्या तेजाला प्रत म्हणतात. प्रतीचा आकडा जितका लहान तितका तारा तेजस्वी, आणि अंधाऱ्या आकाशात नुसत्या डोळ्यांना साधारण सहाव्या प्रतीपर्यंतचे तारे दिसतात. निरीक्षकाजवळच्या नकाशावर रूपविकारी ताऱ्याच्या आसपासच्या स्थिर तेजाच्या ताऱ्यांच्या प्रती लिहिलेल्या असतात. समजा, एका शेजाऱ्याची प्रत ७.२ आहे, दुसऱ्याची ७.८ आहे आणि आपला तारा या दोहोंच्या मध्ये, पण पहिल्याच्या थोडा जवळ वाटतो, तर ७.४ अशी नोंद वेळेसह करायची. सरावलेल्या डोळ्याचा अंदाज एक-दोन दशांशांच्या आत बरोबर येतो. एका माणसाच्या एका नोंदीला फारसे महत्त्व नसते, परंतु अनेक देशांतील अनेक निरीक्षकांच्या नोंदी एकाच आलेखावर मांडल्या की ताऱ्याच्या वागण्याची वर्षानुवर्षांची रेषा उमटते. मोठ्या वेधशाळांना अशा शेकडो ताऱ्यांवर रोज रात्री नजर ठेवणे त्या काळी शक्यच नव्हते, कारण त्यांच्या दुर्बिणींच्या रात्री मोजक्या आणि मागणारे शास्त्रज्ञ अनेक. ही उणीव भरून काढण्यासाठी १९११ साली विल्यम टायलर ऑल्कट या हौशी निरीक्षकाने पुढाकार घेऊन रूपविकारी ताऱ्यांच्या निरीक्षकांची अमेरिकन संघटना स्थापन केली. पेल्टियर तिचे सभासद झाले आणि १ मार्च १९१८ रोजी त्यांनी पहिली नोंद केली, ती 'आर लिओनिस'चीच.

त्यांनी एकूण किती नोंदी केल्या?

१,३२,०००हून अधिक. हा आकडा पाहून वाचक थक्क होतात, पण आम्हाला दुसरीच गोष्ट अधिक मोठी वाटते. १९१८च्या मार्चपासून १९८०मधील मृत्यूपर्यंत, म्हणजे ६२ वर्षांत, संघटनेकडे पाठवायचा त्यांचा मासिक अहवाल एकदाही चुकला नाही. सरासरी काढली तर दिवसाला सहाच्या आसपास नोंदी होतात, ज्या कोणालाही जमतील. परंतु या सरासरीत ओहायोतील ढगाळ हिवाळे आहेत, सुगीचे दिवस आहेत, लग्न, मुलांची आजारपणे, नोकरी आणि म्हातारपणही आहे. रूपविकारी ताऱ्यांच्या नादी लागण्यापूर्वी नीट विचार करा, कारण हे व्यसन एकदा जडले की सुटत नाही, असा मिस्कील इशारा त्यांनी नवोदितांना देऊन ठेवला आहे.

शेतकऱ्याच्या मुलाकडे मोठ्या दुर्बिणी आल्या कोठून?

उसन्या मिळाल्या. दोन इंची दुर्बिणीतून येणाऱ्या नोंदींचा दर्जा आणि नियमितपणा पाहून संघटनेने त्यांना आधी ४ इंची दुर्बीण वापरायला दिली. त्यानंतर प्रिन्स्टन विद्यापीठातील खगोलशास्त्रज्ञ हेन्री नॉरिस रसेल यांनी विद्यापीठाची ६ इंची, आखूड नळीची दुर्बीण डेल्फोसला पाठवली. अशा दुर्बिणीत एकाच वेळी आकाशाचा मोठा तुकडा दिसतो, त्यामुळे ती धूमकेतू शोधायला सोयीची असते; प्रिन्स्टनमध्ये असताना झॅकियस डॅनियल यांनी तिच्यातूनच धूमकेतू शोधले होते. पेल्टियर यांनी गाईंच्या कुरणात एक छोटी वेधशाळा उभारून ती तिथे बसवली. १९५९ साली ओहायोतीलच मायामी विद्यापीठाने (फ्लोरिडातील शहराशी त्याचा संबंध नाही) आपली १२ इंची दुर्बीण घुमटासह त्यांच्या हवाली केली.

दूरच्या निरीक्षकाला केवळ त्याच्या वहीकडे पाहून दुर्बीण देण्याची ही रीत भारतातही पोहोचली होती. अविभाजित बंगालमधील जेसोरच्या कोषागारात नोकरी करणारे राधागोविंद चंद्र हे याच संघटनेचे नियमित निरीक्षक होते, आणि १९२६ साली संघटनेने त्यांच्यासाठी सहा इंची दुर्बीण समुद्रमार्गे पाठवली. पेल्टियर आणि चंद्र एकमेकांना कधी भेटले नाहीत, पण त्यांनी टिपलेले आकडे एकाच कचेरीत जमा होत होते.

त्यांनी किती धूमकेतू शोधले?

१९२५ ते १९५४ या काळात बारा. त्यांपैकी दहांना त्यांचे नाव आहे. धूमकेतू प्रथम पाहणाऱ्याचे नाव त्याला दिले जाते आणि एकापेक्षा अधिक जणांनी तो स्वतंत्रपणे पाहिला असेल, तर नावे जोडली जातात. १३ नोव्हेंबर १९२५ रोजी सापडलेल्या पहिल्या धूमकेतूच्या नावात पोलंडचे अँटोनी विल्क यांचाही वाटा आहे, तर १९३२च्या धूमकेतूत हार्वर्डचे फ्रेड व्हिपल यांचा. मे १९३६मध्ये सापडलेला धूमकेतू मात्र त्यांचा एकट्याचा. वृषपर्वा तारकासमूहात तो सापडला तेव्हा अगदी फिकट होता. त्याच वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये पृथ्वीजवळून जाताना तो नुसत्या डोळ्यांनी दिसू लागला.

धूमकेतू शोधणे म्हणजे सूर्यास्तानंतर पश्चिमेकडचे आणि सूर्योदयापूर्वी पूर्वेकडचे आकाश दुर्बिणीने पट्ट्यापट्ट्याने विंचरून काढणे. नजरेस पडणारा प्रत्येक धुरकट ठिपका धूमकेतू नसतो. तेजोमेघ, तारकागुच्छ आणि दीर्घिकाही तशाच दिसतात. ते सगळे पाठ असावे लागतात, आणि अनोळखी ठिपका दिसलाच, तर ताऱ्यांच्या तुलनेत तो सरकतो की नाही याची वाट पाहावी लागते. खात्री झाली की त्या काळी हार्वर्ड वेधशाळेला तार करावी लागे. एका धूमकेतूमागे शेकडो तासांची रिकामी झडती असते. रूपविकारी ताऱ्यांचे काम याच्या उलट स्वभावाचे आहे, कारण तिथे कोणतीही स्वच्छ रात्र पूर्णपणे वाया जात नाही. एकाच माणसाने दोन्ही कामे आयुष्यभर केली, हे विरळाच.

फिरती वेधशाळा म्हणजे नेमके काय?

धूमकेतू शोधताना दुर्बीण सतत हलवावी लागते आणि ती हलली की नेत्रिका, म्हणजे डोळा लावायचे भिंग, कधी गुडघ्यापाशी, तर कधी डोक्याच्या वर जाते. कडाक्याच्या थंडीत मान वाकडी करून तासन् तास उभे राहणे हा त्यातला खरा जाच. १९३७ साली पेल्टियर यांनी यावर तोडगा काढला. त्यांनी एक लहानशी खोली बांधली, जी निरीक्षकासकट गोल फिरे. आत मोटारीची जुनी सीट आणि मोटारीचेच स्टीअरिंग होते. सीटवर बसून चक्र फिरवले की दुर्बीण, भिंती आणि माणूस असे सगळेच एकत्र वळत, त्यामुळे डोळा नेत्रिकेपासून हलवावा लागत नसे. वाराही आत येत नसे. जत्रेतल्या चक्रपाळण्यावरून त्यांनी तिला गमतीने नाव दिले होते. भंगारातल्या मोटारींच्या सुट्या भागांतून केलेली ही रचना पाहिली की शेतावर वाढलेल्या माणसाचे हात त्यात लगेच ओळखू येतात.

ते उदरनिर्वाहासाठी काय करीत? खगोलशास्त्र हाच व्यवसाय का केला नाही?

पहिल्या महायुद्धात थोरला भाऊ सैन्यात गेला, तेव्हा शेतावर हात कमी पडू लागले आणि लेस्ली यांनी दहावीनंतर शाळा सोडली. अनेक वर्षे त्यांनी शेती केली. नंतर गावातल्याच एका कारखान्यात मुलांच्या फर्निचरचे आणि खेळण्यांचे आराखडे करण्याची नोकरी धरली. १९३३ साली डॉरोथी यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्यांना दोन मुलगे झाले.

व्यवसायाविषयीच्या प्रश्नामागे अनेकदा एक गृहीत असते, ते म्हणजे संधी मिळाली असती, तर ते निश्चितच गाव सोडून मोठ्या वेधशाळेत गेले असते. त्यांच्या लेखनातून मात्र तशी हळहळ जाणवत नाही. डेल्फोसजवळचा ओढा, झाडी, फुलपाखरे आणि खडक यांतही त्यांचा जीव तितकाच गुंतलेला होता. पगारी खगोलशास्त्रज्ञाला तारे पाहण्यापेक्षा आकडेमोड अधिक करावी लागते, हेही त्यांना ठाऊक होते.

उत्तर मुकुटातला तो तारा त्यांच्या हातून कसा निसटला?

'टी कोरोनी बोरिअॅलिस' हा उत्तर मुकुट तारकासमूहातील तारा एरवी दहाव्या प्रतीचा, म्हणजे लहान दुर्बिणीतूनही जेमतेम दिसणारा असतो. ही वस्तुतः जोडी आहे. एका लाल राक्षसी (म्हणजे प्रचंड फुगलेल्या) ताऱ्याचा हायड्रोजन शेजारच्या श्वेत बटूवर (म्हणजे ताऱ्याच्या उरलेल्या लहान, घन गाभ्यावर) साचत जातो आणि पुरेसा साचला की त्याचा अणुस्फोट होतो. मग काही तासांतच तारा दुसऱ्या प्रतीपर्यंत उजळतो आणि पुढील काही दिवसांत पुन्हा नुसत्या डोळ्यांआड जातो. १८६६ साली असे घडले होते. पुन्हा घडणार की नाही, घडले तर कधी, हे त्या वेळी कोणालाही सांगता येत नव्हते.

पेल्टियर यांनी १९२० साली त्याच्यावर पहारा सुरू केला. पंचवीस वर्षे तारा निपचित होता आणि ते दर स्वच्छ रात्री त्याची तीच ती प्रत लिहीत राहिले. १९४६च्या फेब्रुवारीतल्या एका रात्री त्यांनी पहाटे अडीचचा गजर लावला होता. ते उठले, आकाश निरभ्र होते, पण सर्दी होणार अशी चिन्हे जाणवल्याने ते परत अंथरुणात शिरले. त्याच रात्री तारा उसळला आणि तो इतरांनी पाहिला.

या प्रसंगाविषयी त्यांनी जे लिहिले आहे, ते खगोलविषयक ललित लेखनातल्या उत्तम परिच्छेदांपैकी एक आहे, असे आम्हाला वाटते. चूक आपलीच, हे ते निःसंकोच मान्य करतात आणि लगेच ताऱ्यावर रुसतात. इतक्या वर्षांची मैत्री असताना त्याने थोडी तरी भीड ठेवायला हवी होती, आता आपण त्याच्याकडे पाहतो खरे, पण पूर्वीची माया उरली नाही, असा त्याचा आशय आहे. पाहणे मात्र त्यांनी सोडले नाही. १८६६ आणि १९४६ यांमध्ये ऐंशी वर्षांचे अंतर आहे, त्यामुळे २०२४च्या सुमारास जगभरचे निरीक्षक या ताऱ्यावर डोळे लावून बसले. पेल्टियर यांची गोष्ट त्यांच्यापैकी बहुतेकांना ठाऊक होती.

लेखक म्हणून त्यांचे स्थान काय?

त्यांचे आत्मचरित्र 'स्टारलाइट नाइट्स' १९६५ साली, त्यांच्या पासष्टाव्या वर्षी प्रसिद्ध झाले. पुढे १९७२ साली ताऱ्यांची ओळख करून देणारे एक पुस्तक आले आणि १९७७ साली आपल्या घराभोवतालच्या ओढ्याकाठच्या निसर्गावरचे आणखी एक. आत्मचरित्राचे वैशिष्ट्य असे की त्यात शोधांची जंत्री नाही. कुरणातला पाला, थंडीत नळीवर जमणारे दहिवर, दुर्बिणीची खोकी गाडीतून उतरवतानाची धाकधूक यांसाठी त्यांनी पानेच्या पाने दिली आहेत, आणि ज्याने त्यांचे नाव जगभर नेले, तो धूमकेतू मात्र त्या मानाने थोडक्यात येतो. खगोलशास्त्रावरच्या लोकप्रिय पुस्तकांत विश्वाच्या अफाटपणाने वाचकाला दिपवण्याची जी सवय असते, ती इथे नाही. ताऱ्यांशी ते शेजाऱ्यांसारखे बोलतात, त्यांच्या खोड्या सांगतात, त्यांच्यावर रागावतात. हे लाडिक वाटत नाही, कारण प्रत्येक ताऱ्याच्या मागे हजारो प्रत्यक्ष रात्री उभ्या आहेत. ज्याने एक ताराही तासभर पाहिलेला नाही, अशा लेखकाने हेच लिहिले असते, तर ते खोटे वाटले असते.

या पुस्तकामुळे आकाशाकडे वळलेले निरीक्षक अनेक आहेत. गुरूवर आदळलेल्या धूमकेतूच्या शोधकांपैकी एक असलेले डेव्हिड लेव्ही त्यांपैकीच.

त्यांना कोणते सन्मान मिळाले?

१९३४ साली रूपविकारी ताऱ्यांच्या संघटनेचा पहिला गुणवत्ता पुरस्कार त्यांना मिळाला. १९४७ साली बोलिंग ग्रीन विद्यापीठाने, दहावीपर्यंतच शिकलेल्या या माणसाला सन्माननीय डॉक्टरेट दिली. कॅलिफोर्नियातील एका डोंगराला आणि ३८५० क्रमांकाच्या लघुग्रहाला त्यांचे नाव आहे.

आता स्वयंचलित दुर्बिणी रोज सगळे आकाश टिपतात. मग अशा निरीक्षणाला अर्थ उरला आहे का?

धूमकेतूंच्या बाबतीत हौशी माणसाची संधी फारच आक्रसली आहे, हे मान्य केले पाहिजे. रूपविकारी ताऱ्यांचे तसे नाही. मंद ताऱ्यांसाठी बनवलेले कॅमेरे तेजस्वी ताऱ्यांच्या प्रकाशाने भरून जातात, त्यामुळे तेजस्वी ताऱ्यांच्या नोंदी अजूनही डोळ्यांनी होतात. शिवाय शंभर वर्षांची सलग मालिका पुढे चालू ठेवायची, तर तिची जुनी पद्धतही काही प्रमाणात टिकवावी लागते. पेल्टियर यांनी लिहिलेल्या प्रती आजही संघटनेच्या भांडारात आहेत आणि त्यांच्या शेजारी कालच्या रात्रीच्या नोंदी जमा होत असतात.

महाराष्ट्रातून अशी सुरुवात कशी करता येईल?

संगतीसाठी १९४४ साली स्थापन झालेली पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे आणि वांगणीला रात्रभर आकाशदर्शन घडवणारे मुंबईचे खगोल मंडळ आहे. आपल्याकडची खरी अडचण पावसाळ्याची आहे. जून ते सप्टेंबर ही मालिका जवळजवळ खंडितच होते, आणि उत्तर मुकुट संध्याकाळी माथ्यावर येतो तो नेमका याच काळाच्या तोंडावर. म्हणून त्या ताऱ्यासाठी फेब्रुवारी-मार्चमधल्या पहाटेही उठावे लागते. सर्दीची सबब कोणत्या महिन्यात घातक ठरते, ते वर आलेच आहे.

पहिल्या नोंदीसाठी 'आर लिओनिस' हाच तारा घ्यावा, असे आम्ही सुचवतो. मार्च-एप्रिलमध्ये सिंह रास रात्री आपल्या जवळजवळ डोक्यावर असते आणि मघा सापडली की तारा फार दूर नसतो. रूपविकारी ताऱ्यांच्या अमेरिकन संघटनेच्या संकेतस्थळावरून त्याचा नकाशा विनामूल्य मिळतो आणि साधी द्विनेत्री पुरते. डोळे अंधाराला सरावायला वीस-पंचवीस मिनिटे द्यावीत, लाल प्रकाशाची विजेरी वापरावी आणि शेजाऱ्यांच्या प्रती आधीच पाठ करून ठेवू नयेत, कारण मग डोळा अपेक्षित आकडाच पाहू लागतो. मागच्या वेळची नोंदही त्याआधी उघडू नये. तारा मंदावून द्विनेत्रीच्या आवाक्याबाहेर गेला असेल, तर पान कोरे सोडायचे नाही; जो सर्वांत मंद शेजारी दिसला त्याची प्रत लिहायची, तिच्याअलीकडे 'याहून मंद' अशी खूण करायची आणि वेळ घालायची.